पाच सेकंदांची साक्ष



वकिलाला बोलावले की तो कायद्याची कलमे सांगून श्रोत्यांना झोपवतो असा एक समज आहे आणि तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून आज मी कलमे कमी आणि गोष्टी जास्त सांगणार आहे. हे भाषण स्मरणिकेत छापायचे ठरल्यामुळे जे त्या दिवशी सभागृहात नव्हते अशा वाचकांशीही मला बोलता येत आहे. तुम्ही ते घरी निवांतपणे वाचत असाल, तर वाचून झाल्यावर घरातल्या गाडी चालवणाऱ्या माणसाच्या हाती द्या, एवढीच विनंती आहे.

सुरुवात एका जुन्या खटल्यापासून करतो. नावेगावे सांगत नाही, कारण त्या माणसांची दुःखे त्यांची आहेत. पहाटे कामावरून सायकलने घरी येणाऱ्या एका तरुणाला मोटारीने उडवले. तो जागीच गेला. त्याच्या आईवडिलांच्या वतीने मी कोर्टात उभा होतो. सरकारी पक्षाने चहाच्या टपरीवरचा मुलगा साक्षीला आणला होता. मोटारवाल्याच्या वकिलांनी त्याला विचारले, "गाडी किती वेगाने होती?" मुलगा म्हणाला, "लई जोरात होती साहेब." "जोरात म्हणजे किती? चाळीस? साठ? ऐंशी?" मुलगा गप्प. "तुला गाडी चालवता येते का?" "नाही." "तुझ्याकडे वेग मोजण्याचे काही साधन होते का?" "नाही." साक्ष तिथेच संपली. आरोपी निर्दोष सुटला. बाहेर आल्यावर त्या मुलाच्या आईने मला विचारले, "वकीलसाहेब, गाडी जोरात होती हे तर त्या पोराने सांगितले. मग अजून काय सांगायचे राहिले होते?"

त्या माउलीला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद लिहिताना एक ठरलेले वाक्य असते. आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून अमक्याच्या मरणास कारणीभूत झाला. तुम्ही कोणत्याही ठाण्यात जा, वाक्य हेच मिळेल. पण भरधाव म्हणजे किती? कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली याच प्रश्नावर बोट ठेवले. एक ट्रक उलटून अनेकांचा जीव गेला होता. साक्षीदारांनी ट्रक फार वेगात असल्याचे सांगितले होते. न्यायालय म्हणाले की वेगात हा सापेक्ष शब्द आहे. त्या रस्त्यावर, त्या परिस्थितीत वेगात म्हणजे नेमके काय, हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवले पाहिजे. केवळ गाडी वेगात होती एवढ्यावरून चालक निष्काळजी होता असे गृहीत धरता येणार नाही. चालक सुटला.

तुम्हाला हा न्याय कठोर वाटेल. त्या आईलाही वाटला. पण क्षणभर दुसऱ्या बाजूला उभे राहून पाहा. उद्या तुमचा मुलगा टेम्पो चालवत असेल, त्याची काही चूक नसताना समोर कोणी आले, आणि जमलेल्या गर्दीतल्या चारजणांनी "लई जोरात होता" असे सांगितले, तर तेवढ्यावर त्याला तुरुंगात पाठवावे काय? आपल्या समाजात ट्रक, रिक्षा, टेम्पो, टॅक्सी यांवर पोट भरणारे किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. पुरावा मागणारा कायदा गरिबाचा शत्रू नव्हे. अडचण एवढीच की पुरावा आणायचा कोठून?

पूर्वी तपासनीस रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजत असत. ब्रेक करकचून दाबला की चाके जाम होतात आणि डांबरावर रबराचे काळे पट्टे उमटतात. पट्टा किती लांब आहे आणि रस्ता किती खडबडीत आहे यावरून आधीचा वेग काढता येतो. कोरड्या चांगल्या डांबरी रस्त्यावर वीस मीटर लांबीचा पट्टा उमटून गाडी थांबली असेल, तर तिचा वेग ताशी सुमारे साठ किलोमीटर असला पाहिजे. अकरावीच्या भौतिकशास्त्रातले हे गणित आहे, आपल्या विद्यार्थ्यांनी ते करून पाहावे. मात्र पुढे मोटारींत चाके जाम होऊ न देणारे ब्रेक आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती मोठी सुधारणा आहे, कारण ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. पण त्यामुळे रस्त्यावरचे काळे पट्टे पुसट झाले किंवा नाहीसेच झाले. डांबराने साक्ष देणे बंद केले. त्याच सुमारास गाडीने स्वतः साक्ष द्यायला सुरुवात केली, आणि तोच आजचा माझा विषय आहे.

यंत्राने केलेली नोंद ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात कॉमेट जातीच्या प्रवासी विमानांचे अपघात झाले आणि कारण सापडेना. तेव्हा ऑस्ट्रेलियातील डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाला असे सुचले की विमानातच नोंद करणारे एखादे यंत्र ठेवले, तर मेलेले वैमानिक सांगू शकत नाहीत ते यंत्र सांगेल. आपण त्याला ब्लॅक बॉक्स म्हणतो. प्रत्यक्षात ती पेटी भडक नारिंगी असते, कारण ढिगाऱ्यात ती चटकन दिसली पाहिजे. युरोपात अवजड ट्रकांना टॅकोग्राफ नावाचे यंत्र आले. घड्याळाप्रमाणे फिरणाऱ्या कागदी चकतीवर ते ट्रकचा वेग आणि चालक किती तास गाडीवर बसला ते कोरत असे. १९७० साली युरोपीय समुदायाने त्याचा नियम केला. ब्रिटनमधल्या चालकांच्या संघटनांनी त्याला जोराचा विरोध केला. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसवलेला हेर असे त्याचे नाव पडले. पण त्याच चकतीने पुढे असंख्य चालकांना आधार दिला. मालक जेव्हा "अजून चारशे किलोमीटर मार" म्हणून दटावत असे, तेव्हा चालक चकतीकडे बोट दाखवू लागला. हेर नेमका कोणावर नजर ठेवतो ते आधी ठरवता येत नाही, एवढे या इतिहासावरून ध्यानात ठेवा.

आता मोटारीकडे येऊ. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर ती कधी फुगवायची हे ठरवणारा एक छोटा संगणकही असतो. तो बहुधा दोन्ही पुढच्या आसनांच्या मध्ये, खाली, पत्र्याला घट्ट बसवलेला असतो. धडक किती जोराची आहे हे त्याला सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ठरवावे लागते. त्यासाठी तो गाडीच्या वेगात होणारा बदल सतत मोजत असतो. याच संगणकाच्या स्मरणात एक नोंदवही ठेवलेली असते. इंग्रजीत तिला इव्हेंट डेटा रेकॉर्डर म्हणतात. आपण तिला गाडीची नोंदवही म्हणू.

ही नोंदवही कशी चालते? फळ्यावर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे, असे ती अखंड करत असते. गेल्या काही सेकंदांपुरतेच तिच्यात राहते, त्याआधीचे पुसले जाते. परंतु मोठी धडक बसली की पुसणे थांबते आणि फळ्यावर जे आहे ते कायम होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २००६ साली या नोंदवहीचे नियम केले. धडकेपूर्वीच्या पाच सेकंदांत गाडीचा वेग किती होता, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेक दाबला होता की नाही, पट्टा लावला होता की नाही, आणि धडकेत वेग किती झपाट्याने बदलला, हे त्यात आले पाहिजे असे ठरले. वेग आणि ब्रेक यांची नोंद सेकंदाला दोनदा. हा काळ तोकडा आहे म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये नवा नियम काढून पाच सेकंदांचे वीस सेकंद आणि सेकंदाला दोनऐवजी दहा नोंदी करण्याचे ठरवण्यात आले. चीनने २०२२ पासून नव्या मोटारींना अशी नोंदवही सक्तीची केली. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ती बंधनकारक झाली.

पाच सेकंद म्हणजे काय, असे तुम्ही म्हणाल. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पाच सेकंदांत जवळजवळ एकशे चाळीस मीटर जाते. एवढ्या अंतरात पाहणे, ओळखणे, घाबरणे, ब्रेक दाबणे किंवा न दाबणे, सारे काही येते. खून करणाऱ्याचा हेतू शोधायला पोलिसांना महिने लागतात. बेदरकार मोटारवाल्याची सारी वर्तणूक बहुतेक वेळा या पाच सेकंदांत मावते.

आता गोष्टी ऐका. २००२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात दोन शाळकरी मुली घराच्या आवारातून मोटार मागे घेत रस्त्यावर येत होत्या. वस्तीतला रस्ता, वेगमर्यादा ताशी तीस मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. एका तरुणाची मोटार येऊन त्यांच्यावर आदळली आणि दोघी गेल्या. त्याच्या गाडीची नोंदवही वाचली तेव्हा धडकेच्या काही क्षण आधी वेग ताशी एकशे चौदा मैल, म्हणजे सुमारे एकशे त्र्याऐंशी किलोमीटर निघाला. बचाव पक्षाने हे यंत्र विश्वासार्ह नाही असा आक्षेप घेतला. तो टिकला नाही. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली आणि २००५ साली अपील न्यायालयानेही हा पुरावा ग्राह्य धरला. आमच्या चहाच्या टपरीवरच्या मुलाला जो प्रश्न विचारला गेला, "जोरात म्हणजे किती?", त्याचे उत्तर तिथे गाडीनेच दिले.

दुसरी गोष्ट मोठ्या पदावरच्या माणसांची. एप्रिल २००७ मध्ये न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांच्या सरकारी गाडीला अपघात झाला. वेग हे कारण नव्हते असे सुरुवातीला सांगण्यात आले. नोंदवही उघडल्यावर पोलीस चालक ताशी एक्क्याण्णव मैलांनी गाडी चालवत होता असे दिसले, मर्यादा पासष्ट मैलांची होती. गव्हर्नरांनी स्वतः पट्टा लावला नव्हता. ते जबर जखमी झाले, वाचले, आणि पुढे दूरदर्शनवर येऊन पट्टा लावा असे लोकांना सांगू लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे लेफ्टनंट गव्हर्नर टिम मरे यांची सरकारी मोटार पहाटे रस्ता सोडून गेली. आपण वेगमर्यादेत होतो आणि पट्टा लावला होता असे त्यांनी सांगितले होते. नोंदवहीत वेग निघाला ताशी एकशे आठ मैल, आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यांना झोप लागली असावी असा खुलासा नंतर झाला. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. अपघातानंतर माणसाला जे आठवते ते पुष्कळदा त्याला आठवावेसे वाटते तेच असते. पण गव्हर्नर असो की हमाल, नोंदवहीत पद लिहायला रकानाच नसतो.

तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. मोटार बनवणाऱ्या कंपनीने पोलिसांना जो अंतरिम अहवाल दिला त्यात आकडे होते. धडकेपूर्वी पाच सेकंद ब्रेक दाबला गेला तेव्हा वेग ताशी शंभर किलोमीटर होता, आणि आदळताना एकोणनव्वद. तोवर वर्तमानपत्रांतून, चौकाचौकांतून लोक मनाला येईल तो वेग सांगत होते. नोंद आल्यावर अंदाज थांबले. पुढे चालकावर गुन्हा नोंदला गेला. त्या प्रकरणाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, माझे किंवा तुमचे नव्हे. पण आपल्याच रस्त्यावर, आपल्याच पोलिसांच्या तपासात गाडीची नोंद उपयोगी पडते हे त्यातून दिसले.

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी वकील कसला? या यंत्राच्या मर्यादा तुम्हाला ठाऊक असल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा. गाडी किती वेगात होती हे नोंदवही सांगते, पण ती कोण चालवत होते हे सांगत नाही. मालकाचा मुलगा गाडी ठोकतो आणि पगारी ड्रायव्हर ठाण्यात हजर होतो, हा प्रकार तुम्ही ऐकला नसेल असे नाही. त्या ठिकाणी आकडा उपयोगी नाही. तिथे पुन्हा माणसाचीच साक्ष लागते, आणि टपरीवरचा तो मुलगा तिथे मोलाचा ठरतो.

दुसरी मर्यादा. नोंदवही चाकांच्या फिरण्यावरून वेग काढते. चाके चिखलात गरगरली, ब्रेकने जाम झाली, किंवा मालकाने वेगळ्या मापाचे टायर बसवले, तर आकड्यात चूक येऊ शकते. म्हणून तज्ज्ञाने तो आकडा गाडीच्या चेपण्याशी, रस्त्यावरच्या खुणांशी ताडून पाहायचा असतो. आकडा छापलेला आहे म्हणून तो खरा, असे मानणे ही एक नवी अंधश्रद्धा होईल.

तिसरी मर्यादा मला सर्वांत जास्त बोचते. नोंद कायम व्हायला धडक मोठी लागते. अमेरिकी नियमात ही रेषा अशी आहे की सेकंदाच्या सुमारे सातव्या भागात गाडीचा वेग ताशी आठ किलोमीटरने तरी बदलला पाहिजे. एक मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळली तर तो बदलतोच. पण दीड टनाच्या मोटारीने पायी चालणाऱ्या पन्नास किलोच्या माणसाला उडवले तर? माणूस जातो आणि मोटारीला धक्का जाणवतही नाही. फळा पुसला जात राहतो. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे त्यांतले जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे साडेएकोणीस टक्के पायी चालणारे होते. म्हणजे जे सर्वांत जास्त मरतात त्यांच्या बाजूने ही नोंदवही सर्वांत कमी बोलते. तो सायकलवरचा तरुण आज गेला असता, तरी गाडीच्या नोंदवहीत त्याचे मरण उमटले असतेच असे मी त्याच्या आईला सांगू शकलो नसतो. मोटारीत बसलेल्यांसाठी केलेले यंत्र रस्त्यावर चालणाऱ्यांसाठीही बोलू लागले पाहिजे, ही मागणी आपल्यासारख्यांनीच लावून धरायची आहे. श्रीमंत देशांत मोटारींची संख्या मोठी आहे, आपल्याकडे पायांची.

त्याच अहवालात शंभरातील एकाहत्तर मृत्यूंचे कारण अतिवेग असे दिले आहे. तुम्ही आता विचारू शकता की हे कोणी मोजले? पोलिसांच्या कागदांवरून ही आकडेवारी गोळा होते, आणि त्या कागदावरचे ठरलेले वाक्य मी तुम्हाला आरंभीच ऐकवले आहे. अतिवेगाने माणसे मरतात यात शंका नाही. पण खराब वळण, न दिसणारा दुभाजक, अंधारात उभा केलेला ट्रक, ही कारणेही भरधाव या एका शब्दाखाली गाडली जात असतील, तर रस्ता बांधणारा सुटतो आणि चालक तेवढा अडकतो. खरा वेग कळला तर दोघांचाही न्याय होईल.

चौथा मुद्दा मर्यादेचा नव्हे, हक्काचा आहे. ही नोंद कोणाची? अमेरिकेने २०१५ साली कायदा करून सांगितले की ती गाडीच्या मालकाची किंवा भाड्याने घेणाऱ्याची आहे. २०१९ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. दोन माणसे मेली होती, गाडीचा वेग ताशी सत्त्याण्णव मैल निघाला होता. पण पोलिसांनी घटनास्थळीच, न्यायालयाचे वॉरंट न घेता नोंद काढून घेतली होती. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. गुन्हेगार सुटला म्हणून तुम्हाला चीड येईल. मला मात्र त्यात पोलिसांना दिलेला धडा दिसतो. वॉरंट घ्यायला थोडा वेळ लागला असता, तेवढी घाई केली म्हणून पुरावा हातचा गेला.

आपल्याकडे काय? घटनेच्या विसाव्या कलमाने कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. मग माझीच गाडी माझ्याविरुद्ध कशी बोलते, असा प्रश्न येईल. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. माझ्या मते गाडीची नोंद ही ठशांच्याच जातीची आहे. मात्र २०१७ साली याच न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. म्हणून नोंद घ्यायची तर ती कायद्याच्या मार्गाने, अपघातापुरती आणि तपासापुरतीच घेतली पाहिजे. विमा कंपनीने किंवा मालकाने ती चालकाच्या पाठीवरचा चाबूक म्हणून वापरू नये.

यंत्राचा पुरावा न्यायालयात कसा सादर करायचा, याचा फार मोठा धडा आपल्या जालन्याने देशाला दिला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातल्या एका उमेदवाराचा अर्ज मुदत टळल्यावर, म्हणजे दुपारी तीननंतर घेतला गेला की काय, असा वाद होता. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण होते, पण त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निर्णय दिला. मूळ यंत्रच कोर्टात आणून सिद्ध केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र असलेच पाहिजे, आणि ज्याच्याकडे ते असेल तो देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमात हीच अट आता अधिक तपशिलाने आली आहे, तज्ज्ञाचे प्रमाणपत्रही त्यात मागितले आहे. मोटारीच्या नोंदीलाही हेच लागू पडेल.

मित्रहो, आता कामाचे बोलतो. ईश्वर करो आणि अशी वेळ तुमच्यावर न येवो, पण आली तर काय करायचे ते लक्षात ठेवा.

अपघातानंतर गाडी पोलिसांच्या ताब्यात असते, पण लवकरच सुपूर्तनाम्यावर मालकाला परत मिळते. ती दुरुस्त झाली, नवा संगणक बसला, जुना भंगारात गेला, की साक्षीदार गेला असे समजा. म्हणून पहिल्या काही दिवसांतच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की या गाडीत एअरबॅगचा नियंत्रक आहे, तो पंचनामा करून जपावा आणि त्यातली नोंद तज्ज्ञाकडून काढून घ्यावी. अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर न्यायालयात अर्ज करा, वस्तू हजर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहतात. तिथे हा आकडा घरच्या कर्त्या माणसाच्या मागे राहिलेल्या बायकामुलांना भाकरी मिळवून देऊ शकतो.

आणि तुम्ही चालक असाल, तुमची चूक नसेल, तर तुम्हीच ही मागणी करा. ब्रेक वेळेवर दाबला होता आणि वेग मर्यादेत होता, हे गर्दी तुमच्या बाजूने सांगणार नाही. गाडी सांगेल.

विद्यार्थ्यांना वेगळे सांगायचे आहे. आपल्या मुलांपैकी अनेकजण गॅरेजात वाढले आहेत. इंजिनचा आवाज ऐकून दोष ओळखणारी बोटे आपल्या घरात आहेत. पण आजची मोटार पाना आणि हातोडा यांच्या पलीकडे गेली आहे, तिच्यात संगणकांचे जाळे आहे. नोंद वाचणारा, ती कोर्टात समजावून सांगणारा, उलटतपासणीत न डगमगणारा माणूस जिल्ह्याच्या गावी शोधून सापडत नाही. ज्याने आयटीआयमध्ये मोटार शिकली, पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि गणित सोडले नाही, त्याला इथे मोठे काम आहे. जी मुलगी कायदा शिकेल आणि भौतिकशास्त्राला घाबरणार नाही, तिच्यासारखी वकील माझ्या पिढीने पाहिली नाही. संस्थेने असे चार विद्यार्थी तयार केले, तर आजच्या माझ्या भाषणाचे सार्थक झाले असे मी मानीन.

शेवटी पुन्हा त्या आईकडे येतो. "अजून काय सांगायचे राहिले होते?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर असे की आकडा सांगायचा राहिला होता. तो आकडा आज अनेक गाड्यांत, आसनाखालच्या एका लहान डबीत असतो. तो शोधणारा, जपणारा आणि कोर्टापर्यंत नेणारा कोणीतरी असावा लागतो. ते काम तुमच्यापैकी कोणीतरी करील अशी मला आशा आहे.

आणि घरी जाताना गाडी तुम्हीच चालवणार असाल, तर पट्टा लावा, मागे बसलेल्यांनाही लावायला सांगा, आणि शाळेसमोर पाय जरा सैल ठेवा. आपल्या नोंदवहीत काही कायमचे उमटू नये, यापेक्षा मोठी सदिच्छा वकिलाजवळ नसते.